प्रस्थानाची पिशवी

९ नोव्हेंबर २०२५, अमडापूर

डॉक्टरांनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्या आहेत. काय लिहू विचारलं तर म्हणाले, "भाजी काय केली ते लिहा. मला मजकूर नको, अक्षर हवंय." इतकी वर्षं शाळेत पोरांची अक्षरं मी तपासली, आता माझं हर्षल तपासणार. रोज पानाचा फोटो काढून नागपूरला पाठवायचा. मी त्याला बजावलं आहे, नवरा असलास तरी फक्त अक्षर बघायचं, वाचायचं नाही. म्हणाला, "मास्तरीणबाईंचं वाचायची हिंमत आहे का माझी?"

अक्षराचं कारण असं, की माझं लिव्हर आकसून गेलं आहे. दारू नाही, कावीळ नाही. माझं शरीरच त्याच्यावर उलटलं. रक्तातलं विष गाळलं जात नाही, ते डोक्यात चढतं. आधी अक्षर वाकडं होतं, मग दिवसा झोप येते, मग माणूस भलतंच बोलू लागतो. ते उतरावं म्हणून एक गोड चिकट औषध दिवसातून तीनदा. डॉक्टर हर्षलला म्हणाले, "त्या अवस्थेत पेशंट हट्टाला पेटतात. नंतर त्यांना काही आठवत नाही. आठवतं ते घरच्यांना."

मला अजून तसं काही झालेलं नाही. भाजी मेथीची केली होती.

१३ नोव्हेंबर

नागपूरला जाऊन आलो. प्रतीक्षा यादीत नाव लागलं. सगळी जुळवाजुळव करणारी मुलगी, स्वरदा, वयाने माझ्या पहिल्या बॅचच्या विद्यार्थिनींएवढी असेल. तिने नीट समजावून सांगितलं. कुठेतरी कुणाचा मेंदू मृत झाला आणि घरच्यांनी होकार दिला, की फोन येणार. लिव्हर बाहेर काढलं की बर्फात ठेवतात, आणि तेव्हापासून त्याचं आयुष्य कमी कमी होत जातं. किडनी थोडा धीर धरते, लिव्हर फार धरत नाही. म्हणून ते दारात पोचेपर्यंत इकडे जुनं काढायचं काम सुरू झालेलं असावं लागतं.

"मी नेहमी दोघांना बोलावते," ती म्हणाली. "पहिल्याला उशीर झाला, ताप निघाला, तर दुसरा तयार हवा."

"आणि पहिला वेळेत आला तर?"

"तर दुसरा उपाशीपोटी घरी जातो."

तिचं म्हणणं होतं आम्ही नागपुरातच खोली घ्यावी. पण माझी सातवीची पोरं आहेत, सत्र अर्ध्यावर आहे. हर्षल म्हणाला, मेहकरला समृद्धी महामार्ग लागला की नागपूर काही लांब नाही. स्वरदाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग मला म्हणाली, "मॅडम, फोन आला की बाकी काही नाही. माणूस उचला आणि निघा."

आई बरोबर होत्या. आई म्हणजे हर्षलची आई, गोजरबाई. हर्षलचा रक्तगट जुळत नाही हे कळल्यावर त्या सरळ स्वरदापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "माहं काढून घ्या ना वं. मले आता कायले पाह्यजे ते?" साठीच्या पुढचं घेत नाहीत म्हटल्यावर परतीच्या वाटेवर घुश्शात बसल्या. "कागदावरचं वय पाह्यते अन् घेत नाही म्हणते. मी अजून तुरीचं पोतं एकटी उचलते, ते नाई पाह्यलं तिनं."

१८ नोव्हेंबर

आज प्रस्थान ठेवलं.

माझे वडील, आण्णा, दुसरबीडला भिक्षुकी करत. कुणाला दूर जायचं असलं आणि निघायचा दिवस हाती नसला, की ते प्रस्थान ठेवायला सांगत. चांगला दिवस बघून सामानातलं काहीतरी एका गाठोड्यात बांधायचं, अक्षता-सुपारी घालायची, आणि जायच्या दिशेला असलेल्या शेजारघरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष कधीही निघा. फक्त निघताना गाठोडं उचलून घ्यायचं, त्याच्याशिवाय पुढे जायचं नाही. मी कॉलेजला निघाले तेव्हा आण्णांनी माझं ठेवलं होतं. हर्षलशी लग्न करायला घर सोडलं तेव्हा अर्थातच कुणी ठेवलं नाही.

नागपूर पूर्वेला, आणि आमच्या पूर्वेला चांगुणाचं घर. दोन साड्या, टॉवेल, आण्णांची जपमाळ एका निळ्या पिशवीत भरून तिच्या देवळीत ठेवून आले. चांगुणा खुश. आईंना मात्र हसू आवरेना.

"पोतडी पुढं गेली अन् माणूस घरी! म्हणजे नागपूरचे डॉक्टर आता पोतडीचं आपरेशन करतीन का वं?"

"आई, असतात काही गोष्टी."

"असतीन बाई. आमच्या घरी कोणी असं केलं नाही. आमी आपले उठलो का निंघालो."

हसल्या, पण पिशवीत हळूच दोन मोसंबी टाकली. मोसंबी खराब होतील म्हणून मी नंतर काढून घेतली.

२७ नोव्हेंबर

शाळेत बरं गेलं. दुपारी स्टाफरूममध्ये डोळा लागला. हर्षलने आज पानाकडे जरा जास्त वेळ बघितलं. ऊन कमी झालंय, तूर फुलावर आहे.

५ डिसेंबर

हजेरी घेताना एकच नाव दोनदा घेतलं. पोरं हसली, मीही हसले. घरी येऊन चहात मीठ घातलं. आईंनी तो चहा सगळा प्यायला आणि काही बोलल्या नाहीत. हर्षलने सांगितलं तेव्हा कळलं.

औषध वाढवलंय.

८ डिसेंबर

आज ऊन आहे. औषध घेतलं. आण्णा आले होते का विचारायचं आहे. पिशवी नीट आहे का. आज ऊन आहे चांगलं. पिशवी आण्णांची आहे ती चांगुणाकडे. औषध घेतलं का

१४ डिसेंबर, नागपूर, दवाखाना

आज स्वतःहून वही मागितली. मधल्या दिवसांचं मला जवळजवळ काही माहीत नाही. हर्षलने थोडं सांगितलं, थोडं गाळलं असावं.

दहा तारखेला सकाळी फोन आला होता. छत्रपती संभाजीनगरला एक गृहस्थ अपघातात गेले, त्यांच्या घरच्यांनी होकार दिला. यादीत पहिली मी होते. आम्ही पोचलो तेव्हा दुसऱ्या पेशंटला आत घेतलेलं होतं.

मला एवढंच आठवतं: गाडीची खिडकी, मोठा रस्ता, आणि बाजूने सुसाट गेलेली एक गाडी, वर निळा दिवा, पुढे पोलीस. मला तो दिवा फार सुंदर वाटला. मी हर्षलला म्हटलं, बघ. तर त्याने तोंड फिरवलं. आता कळतंय, ती पेटी होती. माझ्यासाठी निघालेलं लिव्हर मला ओलांडून पुढे गेलं.

स्वरदा आली होती. रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "त्या लिव्हरमध्ये थोडी चरबी होती, मॅडम. तसलं बर्फात जास्त वेळ टिकत नाही. लावलं असतं आणि चाललंच नसतं तर? थांबणं धोक्याचं होतं. दुसरे पेशंट इथलेच, ते आधीच तयार होते."

मी विचारलं, आम्हाला उशीर का झाला. स्वरदाने हर्षलकडे बघितलं. हर्षल म्हणाला, "गाडी मिळायला वेळ लागला."

शेजारच्या गणेशची भाड्याची गाडी तर आमच्या दारातच उभी असते.

१५ डिसेंबर

खरं आज कळलं. आईंनी स्वतः सांगितलं.

मी सारखी विचारत होते, हर्षल सारखा टाळत होता. शेवटी आई पुढे झाल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्याले कायले इचारते? मीच अडून बसली होती. म्हटलं, पोतडी घेतल्याबिगर पोरीले निंघू देत नाही. चांगुणा खामगावले लग्नाले गेल्ती, घराले कुलूप. कुलपात गेला मंग सारा येळ."

हर्षल उठून बाहेर गेला.

"मग?"

"मंग काय. फोडलं कुलूप."

"तुम्ही?"

"मीच. वरवंट्यानं."

माझ्या पिशवीला हसणारी बाई! सहज म्हणून केलेल्या एका गोष्टीचा माणसाच्या मनावर असा पगडा बसावा? शेजारणीचं कुलूप फोडण्यापर्यंत? मी भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या पायथ्याशी बसून माझे तळवे चोळत राहिल्या, मी पाय ओढून घेतले.

नंतर नळावर हात धुताना त्यांच्या दंडापासून मनगटापर्यंत ओरखडे दिसले, खोल, खपली धरलेले. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, मांजरीनं ओरबाडलं. आमच्याकडे मांजर नाही. चांगुणाची असेल. माझ्याही डाव्या हातातल्या बांगड्या गेल्यात. सुया टोचताना काढल्या असतील.

२१ डिसेंबर, अमडापूर

सामान न्यायला दोन दिवसांसाठी घरी आलो. आता नागपूरलाच राहायचं. शाळेत रजेचा अर्ज दिला. सातवीच्या पोरांनी फळ्यावर "बाई लवकर या" लिहून ठेवलं होतं, "लवकर"मधला वकार उलटा.

चांगुणा भेटायला आली. तिच्या दाराला नवं कुलूप. मी कुलपाबद्दल तिची माफी मागितली, सासूच्या वतीने. ती म्हणाली, "कुलपाचं काय घेऊन बसल्या मॅडम? मी येईपर्यंत गल्लीतल्या बायांनी सांगतलं मले. तुमी दाराची चौकट अशी धरली होती म्हणे, तिघांचा जोर..."

"चांगुणा," आई चुलीपाशी होत्या, तिथूनच ओरडल्या, "तुह्या म्हशीनं दूध देणं बंद केलं म्हणते, खरं का वं?"

"माह्या म्हशीनं?" चांगुणा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "हाव, हाव. बंदच केलं."

मला वाटतं चौकट आईंनी धरली होती, असं तिला म्हणायचं असावं. त्या वाट अडवून उभ्या राहिल्या असतील. तिघांना न आवरणारी ताकद त्यांच्यात आहे खरी. पोतं उचलतात.

हर्षल हल्ली आईंशी फार हळू बोलतो. मला वाटलं होतं तो चिडेल. काल तो त्यांच्या ओरखड्यांना मलम लावत होता. मला त्याचा राग आला. मरायची वेळ माझ्यावर आली होती, आणि लाड यांचे.

४ जानेवारी २०२६, नागपूर

दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर खोली. आई सोबत. मी त्यांच्याशी गरजेपुरतंच बोलते. त्या सगळं करतात: औषधाच्या वेळा, बिनमिठाचं वरण, रोज समोर बसून माझ्याकडून चार ओळी लिहून घेणं. वाचता येत नाही त्यांना. पण अक्षर बघून कळतं म्हणतात. "आज ओळ खाली उतरून राह्यली वं, औषधाचा एक घोट जास्त घे." बहुतेक वेळा बरोबर निघतं.

आज तपासणीला नागसेन भेटले. मला ओलांडून गेलेलं लिव्हर यांच्या पोटात आहे. रंग चांगला आलाय, तोंडाला मास्क. शेजारी बायको. नर्सने नकळत ओळख करून दिली आणि मग तिचीच जीभ चावली गेली. ते उठून उभे राहिले. "ताई, तुमचं होतं ते," एवढंच म्हणाले.

वाटलं होतं मला यांचा राग येईल. नाही आला. मी म्हटलं, "माझं कुठे होतं? ज्यांचं होतं ते गेले." त्यांनी सांगितलं, ते त्या दिवशी उपाशी बसून होते आणि माझी गाडी वेळेत यावी की येऊ नये, काय मागावं ते त्यांना कळत नव्हतं. त्यांची बायको रडू लागली. आईंनी पुढे होऊन तिचे डोळे आपल्या पदराने पुसले आणि नागसेनना म्हणाल्या, "जप बाबा त्याले. लय दुरून आलं हाये."

२३ जानेवारी

पाय सुजलेत. पोट घट्ट. वही जड वाटते. आई म्हणतात ओळ बरी आहे. खोटं बोलतात.

३० जानेवारी, दवाखाना

दुपारी फोन आला. आम्ही चालतही येऊ शकलो असतो, तरी आईंनी मला रिक्षात जवळजवळ कोंबलंच. मी म्हटलं, "पिशवी राहिली." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग म्हणाल्या, "हे काय, माह्या काखेत हाये." खरंच होती. निळी पिशवी. झोपतानाही त्या ती उशाशी घेतात हे मी पाहिलं होतं. मला चीड आली. अजूनही तेच!

यावेळी पण छत्रपती संभाजीनगरहूनच येतंय. अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी. तिच्या आईवडिलांनी होकार दिला. त्यांच्याबद्दल विचार करायला लागलं की लिहिता येत नाही.

स्वरदा सारखी फोनवर. मध्येच येऊन मला सांगून जाते. पेटी निघाली. जालना गेलं. मी विचारलं, दुसरबीड? म्हणाली, "मॅडम, दुसरबीड काय, मेहकर पण मागे पडलं." म्हणजे आण्णांच्या गावाजवळून माझं लिव्हर पुढे आलं. कुणी कापूस वेचता वेचता मान वर करून तो निळा दिवा पाहिला असेल.

दुसऱ्या पेशंटलाही बोलावलंय. बाहेर बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेत, मुलीच्या खांद्यावर डोकं टेकून. आज मी वेळेत आहे, म्हणून ते उपाशी घरी जातील.

न्यायला आले. वही हर्षलकडे देते. वाचलंस तर वाच.

१६ फेब्रुवारी

अक्षर थरथरतंय, पण हे नुसतं अशक्तपणाने. डोकं स्वच्छ आहे. काच पुसल्यासारखं. सगळ्या गोष्टींना कडा आल्यात.

डॉक्टर म्हणाले, लिव्हर टेबलवरच गुलाबी झालं आणि कामाला लागलं. एक मिनिट फुकट गेलं नाही, म्हणाले, म्हणून इतकं चांगलं झालं.

हर्षलने वही परत दिली. त्याचे डोळे लाल होते. वाचलं का, विचारलं. "अक्षर बघितलं," म्हणाला. मग म्हणाला, "आईशी बोल गं जरा." एवढंच.

१ मार्च

आज मी आईंना माफ केलं.

बरेच दिवस मनात होतं. त्या मोसंबी सोलत होत्या. मी म्हटलं, "आई, झालं ते झालं. तुम्ही माझ्या काळजीनेच अडवलं होतं. मी उगाच मनात धरून बसले. आता मनात काही नाही माझ्या."

त्यांचे हात थांबले. मग डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बरं झालं बाई," म्हणाल्या, "लय वझं होतं माह्या जिवावर." आणि एक फोड माझ्या तोंडात घातली. मोसंबी सोलून खायची, रस काढून नाही, असं डॉक्टरांनी म्हटलंय.

हर्षल दारात उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. आई त्याला म्हणाल्या, "तू जाय, दूध घेऊन ये." दूध सकाळीच आणलं होतं.

१९ एप्रिल

उद्या घरी. डॉक्टरांनी परवानगी दिली, दर पंधरा दिवसांनी यायचं. सामान बांधून झालं. सातवीच्या परीक्षेचं वेळापत्रकही मी शाळेतून फोनवर मागवून घेतलं.

संध्याकाळी आई निळी पिशवी घेऊन बाहेर पडल्या. मागोमाग गेले, हळूहळू, भिंत धरून. शेजारच्या खोलीत यवतमाळची एक बाई राहते, नवऱ्याला घेऊन आलेली. आईंनी तिच्या कोनाड्यात पिशवी ठेवली, वर मूठभर तांदूळ टाकले, सुपारी शोधली, सापडली नाही, मग पदराच्या गाठीतली लवंग ठेवली. नमस्कार कसा करायचा ते नक्की माहीत नसल्यासारखे हात जोडले आणि लगेच सोडले.

मला बघून दचकल्या. "परस्थान ठेवलं तुह्यं," म्हणाल्या. "उद्या निंघाचं ना."

"आई, अमडापूर पश्चिमेला. ही खोली पूर्वेला आहे."

त्यांनी खोलीकडे पाहिलं, मग सूर्य मावळत होता तिकडे पाहिलं. "असं का?"

"आणि लवंग नसते, सुपारी असते."

"असन, असन."

ज्या पिशवीसाठी यांनी शेजारणीचं कुलूप फोडलं, तिची दिशासुद्धा यांना ठाऊक नाही. मला हसू आलं. "इतकं मानता, आणि एवढंही माहीत नाही?"

"म्हातारपण वं," आई म्हणाल्या. "इसरली मी."

मी पिशवी उचलली. पश्चिमेच्या खोलीत दोघी मिळून ठेवून आलो. परत येताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. त्या हातावरचे व्रण आता पांढरे पडलेत. मनात आलं, इतके दिवस विसरणं माझ्याकडे होतं, आता ते आईंकडे गेलं. मी आता बरी आहे. त्यांचं सगळं मी लक्षात ठेवीन.